अजोड नावाची दोन जहाजे

सोलापूर जिल्ह्यात जेऊर नावाची दोन गावे आहेत. एक आमचे, करमाळा तालुक्यातले, रेल्वे स्टेशनचे. दुसरे अक्कलकोट तालुक्यातले, पार कर्नाटकाच्या हद्दीकडचे. एक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला तर दुसरे आग्नेय टोकाला. शिवाय शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जेऊर बायजाबाईचे, जेऊर कुंभारी आणि जेऊर हैबती अशी आणखी तीन भावंडे आहेत. त्यांनी आपापल्या नावाला एकेक शेपूट जोडून घेतले हे बरे केले. आम्ही दोघे मात्र नुसतेच जेऊर. शाळेत व्याकरण शिकवताना मी मुलांना सांगत असे की विशेषनाम म्हणजे एकाच व्यक्तीचे किंवा एकाच ठिकाणाचे नाव. मुले मान डोलवत. व्याकरणाच्या पुस्तकात ते खरेच आहे. बाजारात आणि कोर्टात ते किती खरे आहे, हे आज सांगणार आहे.

माझा एक भाचा सोलापूरला वकिली करतो. त्याच्या टेबलावरचे करार कायद्याचे पुस्तक मी सुट्टीत चाळत बसतो. (निवृत्त शिक्षकाला कुठलेही पुस्तक चालते, अगदी रेल्वेचे वेळापत्रकसुद्धा!) त्यात एक खटला सापडला. इंग्लंडातला, १८६४ सालचा. जगभर जिथे जिथे इंग्रजी पद्धतीचा कायदा शिकवतात तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना तो शिकवतात म्हणे. पण माल होता आपल्याकडचा, आणि बंदर होते मुंबई. म्हणून मला त्याची गोडी लागली.

खटल्याचे नाव राफल्स विरुद्ध विचेलहाउस. राफल्स हा विकणारा. विचेलहाउस आणि त्याचा भागीदार बुश हे घेणारे. माल म्हणजे सुरती कापसाच्या १२५ गासड्या. सुरती म्हणजे सुरतेचाच असे नव्हे. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून येणाऱ्या सगळ्या कापसाला सरसकट सुरती म्हणत. त्यातली जात ठरली होती धोलेऱ्याची, म्हणजे खंबायतच्या आखातावरचे धोलेरा बंदर, आणि प्रत मध्यम-बरी. भाव पौंडाला सव्वासतरा पेन्स. आणि करारात शब्द होते की हा माल मुंबईहून येणाऱ्या 'पीअरलेस' जहाजातून येईल.

पीअरलेस या शब्दाचा अर्थ अजोड. जिला जोड नाही ती. गंमत अशी की या नावाची दोन जहाजे मुंबईहून सुटली. एक १८६२ च्या ऑक्टोबरात, दुसरे त्याच वर्षी डिसेंबरात. घेणाऱ्यांच्या मनात ऑक्टोबरचे जहाज होते. विकणाऱ्याचा कापूस डिसेंबरच्या जहाजात होता. ऑक्टोबरचे जहाज १८६३ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलला लागले, डिसेंबरचे एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये राफल्स म्हणाला, हा घ्या तुमचा कापूस. विचेलहाउस म्हणाले, आमचा नव्हेच तो.

आता कोणी विचारील, जहाजाच्या नावाशी काय करायचे आहे? कापूस तोच, प्रत तीच, भाव तोच. नेमका हाच युक्तिवाद विकणाऱ्याच्या वकिलाने केला. त्यासाठी त्या काळचा व्यापार समजून घ्यावा लागतो.

तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ साली सुरू झाला. मुंबईची शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून चार-चार महिन्यांनी इंग्लंडला पोचत. तारही नव्हती. हिंदुस्थान आणि इंग्लंड तारेने जोडले गेले १८६५ साली. पण टपाल मात्र आगबोटीने तांबड्या समुद्रातून, मग इजिप्तचा टापू जमिनीवरून ओलांडून, महिना-सव्वा महिन्यात लंडनला जाई. म्हणजे कापूस आफ्रिकेच्या टोकालाही पोचलेला नसताना त्याची कागदपत्रे लिव्हरपूलच्या दलालाच्या हातात पडलेली असत. मग समुद्रावरचाच माल विकायचा. 'अमुक जहाजातून येईल तो' अशा शब्दांत सौदा करायचा. कोणते जहाज यावरून माल साधारण कधी येणार हे कळे, आणि ते बुडालेच तर सौदाही बुडाला असे दोघांनी धरलेले असे.

आणि साल कोणते? १८६२! अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. लिंकनने १८६१ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केल्यापासून तिकडचा कापूस आटला होता. मँचेस्टरच्या गिरण्या बंद पडत होत्या आणि मजूर उपाशी होते. आपल्या कापसाला आजवर ते आखूड धाग्याचा, कचऱ्याचा म्हणून नाक मुरडत, त्याच्यासाठी आता उड्या पडू लागल्या. युद्धापूर्वी हा माल सव्वासतरा पेन्सच्या निम्म्या भावानेही जात नव्हता. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद, बॅक बेचे शेअर, आणि १८६५ साली युद्ध संपल्यावर झालेली धूळधाण, हे सगळे शाळेच्या पुस्तकात आहेच. आमच्याकडे रेल्वे १८५९-६० मध्ये आली आणि सोलापूरपर्यंत पोचली. बार्शीच्या पेठेतला कापूस बैलांवरून घाट उतरण्याऐवजी रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. त्या लोटात भेसळही इतकी बोकाळली की कापूस ओला करणे, त्यात सरकी आणि दगडमाती घालणे यांविरुद्ध मुंबई सरकारला १८६३ साली खास कायदा करावा लागला.

अशा बाजारात दोन महिन्यांत भाव कुठल्या कुठे जाई. फेब्रुवारीत येणारा कापूस आणि एप्रिलमध्ये येणारा कापूस हे दोन वेगळे सौदे होते. माझा अंदाज असा की भाव जागच्या जागी राहिला असता तर विचेलहाउसनी एप्रिलमधल्या गासड्या मुकाट उचलल्या असत्या आणि दोन जहाजांची गंमत फार तर जेवताना एकमेकांना सांगितली असती. माणसे शब्दाचा अर्थ शोधू लागतात ती पैसे बदलल्यावर.

खटला उभा राहिला २० जानेवारी १८६४ रोजी, एक्स्चेकर कोर्टात. विकणाऱ्याचे वकील मिलवर्ड. त्यांचे म्हणणे असे की जहाजाचे नाव फक्त एवढ्यासाठी घातले होते की ते बुडाले तर करार संपावा. मुद्दा कापसाचा आहे. जहाज विकायचे नव्हते, जहाजातला कापूस विकायचा होता. यावर मुख्य न्यायमूर्ती पोलॉक यांनी विचारले की एका वखारीतला माल ठरवला आणि तसाच माल दुसऱ्या वखारीतून दिला तर चालेल काय? न्यायमूर्ती मार्टिन म्हणाले, हे तर घेणाऱ्यावर त्याने न केलेला करार लादणे झाले. पोलॉकनी आणखी एक दाखला दिला, तो वाचून मी हातातला चहा खाली ठेवला. ते म्हणाले, फ्रान्स-स्पेनमधल्या एखाद्या मळ्याची दारू ठरवली आणि त्या नावाचे मळे दोन निघाले, तसा हा प्रकार आहे. म्हणजे अगदी आमच्या जेऊरचाच प्रकार की!

मग घेणाऱ्यांचे वकील मेलिश उभे राहिले. करार वाचून कुठले जहाज ते कळत नाही. पण त्या नावाची दोन जहाजे निघाली असे पुढे आले की शब्दातला दडलेला दुहेरीपणा उघडा पडतो. मग कोणाच्या मनात काय होते याचा पुरावा घेता आला पाहिजे. आणि दोघांच्या मनात दोन जहाजे असतील तर मने जुळलीच नाहीत, करारच झाला नाही. एवढे ते बोलले आणि कोर्टाने त्यांना थांबवले. निकाल घेणाऱ्यांच्या बाजूने. कारणे? एकही ओळ नाही! दीडशेहून अधिक वर्षे जगभरचे प्राध्यापक ज्या निकालावर लिहीत आले त्या निकालात न्यायाधीशांनी कारणच दिलेले नाही. मने जुळली नाहीत हे प्रसिद्ध वाक्य वकिलाच्या तोंडचे आहे, न्यायाधीशांच्या नव्हे. शिवाय खटल्यात साक्षीपुरावा झालाच नव्हता. घेणारे म्हणतात ते खरे मानले तरी तो बचाव होतो का, एवढ्याच प्रश्नावर सुनावणी होती.

पुढे १८८१ साली अमेरिकेतले होम्स (ते नंतर तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले) यांनी यावर वेगळाच विचार मांडला. त्यांचे म्हणणे, कायदा मनातले बघत नाही. इथे करार फसला तो दोघांच्या मनात दोन गोष्टी होत्या म्हणून नाही, तर दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी बोलून दाखवल्या म्हणून. उच्चार एक, नावे दोन. मला व्याकरणाचा शिक्षक म्हणून हे पटते. दोन बाळू एका वर्गात असले तर 'बाळू' हा एक शब्द नसतोच, ते दोन शब्द असतात, फक्त ऐकायला सारखे. आणि १९८९ साली ब्रायन सिम्पसन या कायद्याच्या इतिहासकाराने जुन्या नोंदी उकरून दाखवले की त्या काळी पीअरलेस नावाची जहाजे दोनच नव्हती, चांगली डझनाच्या घरात होती. अजोड!

या खटल्यानंतर आठ वर्षांनी, १८७२ साली, हिंदुस्थानात करारांचा कायदा झाला. तो आजही चालू आहे. त्यातले तेरावे कलम एका वाक्याचे आहे. दोन किंवा अधिक माणसांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला तरच संमती झाली. 'एकाच अर्थाने' हे दोन शब्द म्हणजे सगळा राफल्सचा खटला. विसाव्या कलमाच्या उदाहरणात तर इंग्लंडहून मुंबईला येणारे जहाजच आहे. मालाचा सौदा झाला, पण सौद्याच्या आधीच ते जहाज बुडालेले होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. असा करार रद्दबातल. एकोणतिसाव्या कलमात 'शंभर टन तेल' आहे. कुठले तेल? काहीच कळत नसेल तर करार नाही. पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर कळते, मग करार आहे. ही उदाहरणे मला फार आवडतात. लिहिणाऱ्याने बाजार पाहिलेला होता, किंवा पाहिलेल्या माणसाला विचारले तरी होते.

त्याच वर्षी त्याच फिट्झजेम्स स्टीफन साहेबांनी पुराव्याचा कायदाही केला. त्यात एक नमुना होता. अ ने ब बरोबर हैदराबादला जायचे कबूल केले, तर दख्खनचे हैदराबाद की सिंधचे, हे ठरवायला पुरावा देता येईल. हा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण दीडशे वर्षे या देशातल्या प्रत्येक वकिलाने ती दोन हैदराबादे वाचली.

मात्र बावीसावे कलम विसरू नये. एकाच पक्षाची चूक असेल तर तेवढ्यावरून करार मोडता येत नाही. नाहीतर भाव पडला की जो तो म्हणेल, माझ्या मनात दुसरेच होते! कोर्ट आधी बघते की शहाण्या माणसाने त्या शब्दाचा कोणता अर्थ घेतला असता. एक अर्थ उघड असेल तर तोच दोघांना बांधतो. पीअरलेसमध्ये दोन्ही अर्थ सारख्याच वजनाचे होते म्हणून करार फसला. आपल्याकडे १९९८ साली सुप्रीम कोर्टात पंजाबातल्या जमिनीचा असाच तंटा गेला होता. भाव ठरलेला, पण मोजमाप बिघ्याचे की कनालचे यावर दोघांची समजूत वेगळी. करार रद्द ठरला आणि इसाराची रक्कम परत देण्याचा हुकूम झाला.

हे सगळे साहेबाने आणले असे मात्र समजू नका. इसाराला जुन्या मराठीत संचकार म्हणत. संस्कृतातल्या सत्यंकाराशी त्याचे नाते दिसते, म्हणजे बोलणे खरे करण्यासाठी दिलेले द्रव्य. याज्ञवल्क्य स्मृतीत इसार घेऊन फिरणाऱ्याला दुप्पट द्यायला लावले आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या काळात, कल्याणीला. म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर. त्या स्मृतीत घेतलेल्या मालाची परीक्षा करायला मुदती दिल्या आहेत. बियाणे दहा दिवस, लोखंड एक दिवस, ओझ्याचे जनावर पाच दिवस, रत्ने सात दिवस, दुभते जनावर तीन दिवस. (यादीत दासदासीही आहेत, ते वाचताना मान खाली जाते.) मनुस्मृतीत सरसकट दहा दिवस आहेत, घेऊन पस्तावला किंवा विकून पस्तावला तर माल परत. बघा, यात कोणाच्या मनात काय होते याची चौकशीच नाही! गाय घरी नेली, तीन दिवस धार काढली, मग ठरवा. मला हे कोर्टापेक्षा जास्त शहाणपणाचे वाटते. एकाच अर्थाने होकार झाला की नाही हे तिसऱ्या दिवशी दुधाच्या भांड्यात दिसते.

आमच्या भागात बैलबाजारात हत्ता चाले. रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली हेड्याने गिऱ्हाइकाची बोटे धरायची आणि दाबायची. तोंडाने आकडा नाही. बोट एकच, ते दहाचे की शंभराचे हे जनावर बघून समजायचे. बैलाच्या बाबतीत निदान मालक स्वतः तिथे उभा असतो. धान्याच्या आणि कापसाच्या पेठांत मात्र अडत्या आणि व्यापारी यांच्यात रुमालाखाली भाव ठरे आणि शेतकरी बाजूला गाडीशी उभा! त्याचा माल विकला गेला, त्याची संमती कुठे आहे? १९२८ च्या शाही शेती कमिशनने बाजारातल्या अशा चालींवर ताशेरे मारले. मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा १९२७ चा, सर्व शेतमालाचा १९३९ चा. वऱ्हाडात तर त्याच्याही आधी, १८९७ साली, कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला होता. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. उघड लिलाव हवा, भाव बोलून दाखवला पाहिजे, पट्टी लिहून दिली पाहिजे, हे सगळे रुमालाखालच्या बोटांना उत्तर होते. बाजार समित्यांना आज कोणी काहीही म्हणो, त्या कशासाठी आल्या हे विसरता येत नाही.

वजनांचाही घोळ होता. मण आणि खंडी गावोगाव वेगळी. मुंबईत कापसाची खंडी ७८४ पौंडांची, आणि आजही कापसाचे व्यापारी खंडीनेच भाव बोलतात, सुमारे ३५६ किलोची. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधी 'एक मण' म्हणणाऱ्याला 'कुठला मण' हे विचारणे भाग होते.

आणि कागद आला म्हणजे समजूत आली असेही नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्याने ते पाहिले आहे. कापसाची तेजी ओसरल्यावर दख्खनचा शेतकरी कर्जात बुडाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंगा झाला आणि तो पुणे-नगरच्या गावांत पसरला. लोकांनी सावकाराकडे मागितले ते मुख्यतः त्याच्या जवळचे कर्जरोखे. ते मिळवले आणि जाळले. रोख्यावर अंगठा शेतकऱ्याचाच होता, साक्षीदारही होते. कायद्याने बघितले तर संमती पक्की. पण त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते. 'एकाच अर्थाने' या दोन शब्दांचे काय झाले मग? १८७९ साली डेक्कन शेतकरी संरक्षण कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टाला सांगितले की रोखा म्हणतो तेवढ्यावर थांबू नका, व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासा. शेतकऱ्याचा कागद गावच्या निबंधकापुढे लिहिला जावा, त्याला पावती आणि हिशेब मिळावा. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. त्या कायद्यावर टीकाही पुष्कळ झाली. सावकारांनी हात आखडला, पत कमी झाली, खोटी विक्रीखते वाढली, वगैरे. ती टीका खोटी नव्हती. तरी मला तो कायदा इंग्रजांनी केलेल्या मोजक्या प्रामाणिक कायद्यांपैकी एक वाटतो. कारण त्यात एवढे मान्य केले होते की सही म्हणजे समजणे नव्हे.

टेलिफोन आला तेव्हा आणखी एक नवा प्रश्न आला. खामगावची एक जिनिंग आणि तेल गिरणी, आणि अहमदाबादचे एक व्यापारी. २२ जुलै १९५९ रोजी ट्रंक कॉलवर सरकी पेंडीचा सौदा झाला. अहमदाबादने विचारले, खामगावने हो म्हटले. पुढे माल आला नाही म्हणून अहमदाबादकराने तिथेच ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावचे म्हणणे, हो आम्ही खामगावात म्हटले, करार खामगावात झाला, दावा इकडे लावा. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने ठरवले की फोनवरचा होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबादला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला मात्र सहमत नव्हते. त्यांच्या मते १८७२ चा कायदा लिहिणाऱ्यांपुढे फोन नव्हता आणि कायद्याचे शब्द आहेत तसेच वाचले पाहिजेत. पोस्टात टाकलेल्या होकाराचा नियम वेगळा, फोनच्या होकाराचा वेगळा. मला यातले एवढेच लक्षात राहिले की ऐकणाऱ्याच्या कानात पडेपर्यंत होकार अर्धाच असतो.

आता आमच्याकडचे. उजनीचे पाणी आल्यापासून करमाळ्याच्या या बाजूला ऊस आणि केळी. कंदर, वांगी, जेऊर या पट्ट्यातली केळी बॉक्समध्ये भरून आखातात जातात. सौदे सगळे फोनवर. माझा एक जुना विद्यार्थी, नाव कशाला, तीन एकरांचा केळीवाला. व्यापाऱ्याने बाग बघितली आणि दोन दिवसांनी फोन केला, "माल घेतो, अठरानं. मंगळवारी कटिंग लावतो." याने "चालतंय" म्हटले. मंगळवारी टोळी आली, घड कापले, बॉक्स भरले. बावीस टनांपैकी पंधरा टन निवडून बॉक्समध्ये गेले. राहिलेल्या सात टनांचा भाव व्यापाऱ्याने लावला नऊ रुपये. याच्या मते अठरा म्हणजे सरसकट, व्यापाऱ्याच्या मते अठरा म्हणजे निवडलेल्या मालाचे. फरक त्रेसष्ट हजारांचा. त्या पैशांतून मुलीची कॉलेजची फी आणि सोसायटीचा हप्ता भरायचा होता.

तो माझ्याकडे आला, "गुरुजी, फोनचं रेकॉर्डिंग हाय माझ्याकडं." ऐकले. रेकॉर्डिंग स्वच्छ होते, आणि त्यात काहीच नव्हते! "माल" एवढाच शब्द. पीअरलेस हो, दुसरे काय. माल म्हणजे बागेतले सगळे, की माल म्हणजे मालासारखा माल?

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, दोन वाटा. या पट्ट्यात 'माल' म्हटले की निवडलेलाच असे सगळे समजत असतील, तर चूक एकट्या शेतकऱ्याची, बावीसावे कलम, करार पक्का. आणि दोन्ही अर्थ सारखेच चालत असतील, तर तेरावे कलम, करारच नाही. मी म्हटले, मग करार नाही असे म्हणू. तो हसला. "करार नाही तर माल परत घ्यावा लागेल. कापलेली केळी परत घेऊन काय करतील ते?"

इथे मला त्या इंग्लंडच्या खटल्यातली एक सोय दिसली. राफल्सचा कापूस धक्क्यावर होता. करार नाही म्हटल्यावर त्याने तो दुसऱ्याला विकला असणार, कमीजास्त भावाने. कापूस महिनाभर वखारीत बसतो. केळी चौथ्या दिवशी काळी पडते. 'करारच झाला नाही' हा निकाल कापूसवाल्याला न्याय आहे, केळीवाल्याला शिक्षा. कायद्यात पासष्टावे कलम आहे, रद्द करारात ज्याने फायदा घेतला त्याने तो परत द्यावा किंवा भरपाई द्यावी. पण त्यासाठी करमाळ्याच्या कोर्टात किती हेलपाटे? आणि पुढच्या हंगामात बाग बघायला कोण येणार? म्हणूनच बहुतेक केळीवाले असे तंटे गिळतात. संमती एकाच अर्थाने झाली की नाही हे विचारायची ऐपतही दोघांची सारखी नसते.

शेवटी गावातल्या दोन जाणत्या माणसांनी मध्ये पडून सात टनांना साडेबारा रुपये ठरवले. नवाच्या भावापेक्षा साडेचोवीस हजार जास्त मिळाले. याचे समाधान झाले नाही, व्यापाऱ्याचेही नाही. पण फी भरली गेली.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला होता, दुसऱ्या बागेच्या सौद्याचा कागद दाखवायला. वहीचे फाडलेले पान, व्यापाऱ्याच्या अक्षरात. बॉक्सचा माल सतरा, उरलेला अकरा, वजन दांडा काढून, कटिंग मजुरी व्यापाऱ्याची, पैसे आठ दिवसांत. खाली दोन सह्या. मी लाल पेनाने एकच दुरुस्ती सुचवली. वर 'मु. पो. जेऊर' असे लिहिले होते, त्यापुढे 'ता. करमाळा' घालायला लावले.